गाडी जोडताना बोलू नये

डेल्बर्ट हौगेनने सेफ्टी केबल निवडायला एकोणीस दिवस घेतले. बायको निवडायला त्याला एक संध्याकाळ पुरली होती, असं त्याची बायको आर्लिस कॅम्पातल्या सगळ्यांना सांगत असे, आणि सांगताना हसत असे की नाही हे कुणालाच नीट कळत नसे.

डेल्बर्ट मिनेसोटातल्या एका काउंटीत वजनमापं तपासणारा अधिकारी होता. चौतीस वर्षं त्याने दुकानांचे काटे आणि पेट्रोलचे पंप तपासले. निवृत्त झाल्यावर त्याने बसएवढं लांब मोटरहोम घेतलं, आणि तिकडे बर्फ पडू लागला की नवराबायको अ‍ॅरिझोनात युमाजवळच्या कॅम्पात येऊन राहू लागली. आता बसएवढं घर घेऊन दूध आणायला जाता येत नाही, म्हणून बरोबर एक छोटी निळी गाडीही यायची. पुढे मोटरहोममध्ये डेल्बर्ट, मागे निळ्या गाडीत आर्लिस. जाताना अठराशे मैल, येताना अठराशे मैल.

असे दोन हिवाळे झाले. या दोन हिवाळ्यांत डेल्बर्टच्या शेजारच्या रुंद, गुबगुबीत खुर्चीवर बटाट्याच्या वेफर्सची पिशवी बसून आली. वाटेत काही सुंदर दिसलं की तो सवयीने म्हणायचा, "ते बघ!" पिशवी बघायची नाही. त्याला त्या खुर्चीवर आर्लिस हवी होती. पण हे असं उघड बोलून दाखवणं त्याच्या गावाकडच्या माणसांना जमत नाही, म्हणून तो म्हणाला, "गाडी मागे जोडून ओढत नेली तर पेट्रोल वाचेल."

"मला मागून यायला काही त्रास नाही," आर्लिस म्हणाली.

डेल्बर्टला वाटलं, केवढा हा त्याग! त्याने दुसऱ्याच दिवशी मोटरहोमच्या मागे ओढायचा दांडा बसवून घेतला. राहिल्या होत्या त्या दोनच गोष्टी: मागच्या गाडीच्या दिव्यांचं वायरिंग, आणि दांडा तुटलाच तर गाडी धरून ठेवणारे केबल.

कॅम्पात कुणी गाडीचं बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत घडीच्या खुर्च्या येतात. डेल्बर्टच्या बॉनेटपाशी दोन खुर्च्या आल्या. एक रूडी कोपेकीची, जो नेब्रास्कात चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता. दुसरी व्हर्न सॅटरलीची, जो आयडाहोचा जुना ट्रकवाला होता आणि ज्याचा विजेवर मुळीच विश्वास नव्हता.

"डायोड लाव," रूडी म्हणाला. "गाडीच्या स्वतःच्याच दिव्यांच्या वायरीत चार डायोड. तू पुढे ब्रेक दाबलास की मागच्या गाडीचे दिवे लागतील. वीज जाईल तिकडे, पण उलटी येणार नाही."

"न यायला काय झालं?" व्हर्न म्हणाला. "माझ्या मेहुण्याने डायोड लावले होते. एक दिवस आपोआप वायपर सुरू झाले. मग हॉर्न. ओक्लाहोमाभर बोंबलत गेली गाडी. तू आपले चुंबकाचे दिवे घे, गाडीच्या टपावर चिकटव, वायर खाली सोड. संपला विषय."

"तुझ्या मेहुण्याने वायरी दाताने सोलल्या असतील."

"मेहुण्याचं काढू नकोस हां, रूडी!"

"मी कुठं काढतोय? तूच रोज काढतोस."

तिसरा मार्ग म्हणजे मागच्या दिव्यांना भोक पाडून आत वेगळे बल्ब बसवायचे. तो दोघांनाही मान्य नव्हता, आणि तीन आठवड्यांत त्यांचं एकमत झालं ते तेवढ्यावरच. डेल्बर्टने एका मोठ्या कागदावर रकाने आखले. केबलचे रकाने वेगळे: सरळ की गुंडाळीचे, सहा हजार पाउंडांचे की दहा हजारांचे. फार आखूड घेतले तर वळणावर ताणून तुटणार, फार लांब घेतले तर रस्त्यावर घासत जाणार. त्याने सुतळीचे केबल करून मोटरहोम कॅम्पाच्या चौकात आठ वेळा वळवलं आणि दर वळणाला उतरून सुतळी मोजली. नवव्या वेळेला कॅम्पाच्या मॅनेजरीणबाईंनी त्याला लेमोनेड देऊन घरी पाठवलं.

"अरे, एवढं कशाला करतोस?" आर्लिस रोज रात्री जेवताना विचारायची. "मी येते ना मागून."

"पेट्रोल," डेल्बर्ट म्हणायचा आणि बशीत बघायचा.

शेवटी दहा हजार पाउंडांचे, गुंडाळीचे केबल ठरले आणि रूडीचे डायोड. रूडीने दोन दिवस गाडीखाली झोपून वायरिंग केलं. व्हर्न खुर्चीत बसून "वायपर बघ हां, वायपर" एवढंच म्हणत राहिला.

हिवाळा संपला. रविवारी अकराच्या आत जागा सोडून घराकडे निघायचं होतं. आता अशा कॅम्पांमध्ये एक नियम असतो. तो कुठे लिहिलेला नसतो, पण तो मोडणाऱ्याला लोक महिनाभर पॅनकेक खायला बोलावत नाहीत. गाडी जोडणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही. पूर्वी म्हणे कुणीतरी आयोवाच्या एका गृहस्थाला गाडी जोडताना बटाट्याच्या सॅलडची कृती विचारली होती, आणि तो गृहस्थ सांडपाण्याचा पाइप मागे लोंबकळत ठेवून थेट कॅलिफोर्नियात पोचला. तेव्हापासून माणूस दांड्यापाशी वाकला की सगळा कॅम्प चर्चमध्ये बसल्यासारखा गप्प होतो.

डेल्बर्टने तर तेवीस कलमांची यादीच केली होती. कलम चौथं: आर्लिसने निळ्या गाडीत बसावं, किल्ली एक घर फिरवावी म्हणजे स्टिअरिंग मोकळं राहील, गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा, हँडब्रेक सोडावा.

"आणि मग?" आर्लिसने विचारलं.

"मग काही करायचं नाही. मी सांगेपर्यंत बसून राहा."

"ते मला येतं," आर्लिस म्हणाली. तिने लायब्ररीतून आणलेल्या रहस्यकथेची सीडी गाडीत लावली आणि विणकाम काढलं. एका पाद्र्याचा खून झाला होता आणि अजून तीन सीड्या बाकी होत्या.

डेल्बर्ट वाकला. कॅम्प गप्प झाला. दांडा अडकला, खिळी बसली, केबल दांड्याखालून फुलीसारखे एकमेकांवरून गेले, वायरीचा प्लग बसला. रूडी मागे उभा राहून नुसत्या हातांनी सांगत होता: डावा इंडिकेटर ठीक, उजवा ठीक, ब्रेक ठीक. डेल्बर्टने एकेका कलमावर खूण केली. तेविसावी खूण झाल्यावर त्याने यादी खिशात ठेवली आणि मोटरहोममध्ये चढला. आर्लिसला गाडीतून उतरायला सांगावं, असं एकही कलम यादीत नव्हतं.

मोटरहोमच्या आत, मागच्या बेडरूमचं दार बंद होतं. आदल्या रात्रीच आर्लिस म्हणाली होती, "हायवे लागेपर्यंत मी आत डोळे मिटून पडणार. तुझं फाटकातून वळणं मला बघवत नाही." डेल्बर्टने बंद दाराकडे मायेने बघितलं, वेफर्सची पिशवी उचलून कपाटात ठेवली, शेजारची खुर्ची हाताने झटकली आणि इंजिन सुरू केलं.

बाहेर व्हर्नने हात वर केला. रूडीने तो खाली ओढला.

"ती गाडीत आहे!" व्हर्न कुजबुजला.

"दिसतंय मला. पण जोडणाऱ्याशी बोलायचं नाही."

"जोडून झालंय की त्याचं."

"फाटकाबाहेर पडेपर्यंत जोडणंच धरतात," रूडी म्हणाला. "आणि नवराबायकोने काय ठरवलंय ते आपल्याला काय ठाऊक? पंचेचाळीस वर्षं झालीत लग्नाला. मधे पडू नये माणसाने."

दोघांनी टोप्या काढून निरोप दिला. मोटरहोम फाटकातून वळलं, त्याच्यामागून निळी गाडी वळली, आणि निळ्या गाडीतून आर्लिसचा हात बाहेर येऊन जोरजोरात हलला. सगळ्या कॅम्पाने तिलाही हात केला.

हायवेला लागल्यावर डेल्बर्टला इतकं बरं वाटलं की तो गुणगुणू लागला. स्टिअरिंगशेजारच्या छोट्या पडद्यावर मागच्या कॅमेऱ्यातून निळ्या गाडीचं बॉनेट दिसत होतं. काचेवर आभाळाची चकाकी होती, तेवढ्याने पलीकडचं काही दिसत नव्हतं. केबल दोन्हीकडे सारखे लोंबत होते. चौथ्या मैलावर निळ्या गाडीचे वायपर सुरू झाले.

डेल्बर्टचं गुणगुणणं थांबलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"आर्लिस," तो बेडरूमच्या दिशेने म्हणाला, "झोपलीस का? काही नाही. झोप."

पुढचे दिवे लागले, विझले, लागले. मग हॉर्न वाजला. डेल्बर्टच्या डोळ्यांपुढे व्हर्नचा मेहुणा आणि अख्खं ओक्लाहोमा उभं राहिलं. पण तो घाबरून जाणारा माणूस नव्हता, तपासणारा माणूस होता. त्याने डावा इंडिकेटर लावून बघितला. मागे आर्लिसला वाटलं, बाई गं, कळलं याला, आता थांबतोय, आणि तिने आनंदाने वायपर दुप्पट वेगाने केले. डेल्बर्टने इंडिकेटर बंद केला. मागून लांबलचक, संतापलेला हॉर्न आला.

"म्हणजे डाव्या इंडिकेटरचा संबंध वायपरशी," डेल्बर्ट स्वतःशी म्हणाला, "आणि तो बंद केला की हॉर्न. उलटी वीज. व्हर्न बरोबर होता."

थांबून बघणं सोपं होतं. पण थांबलं तर आर्लिस बाहेर येणार, नाचणारे वायपर बघणार, आणि म्हणणार, "राहू दे रे, मी येते मागून." मग मिनेसोटापर्यंत पुन्हा वेफर्सची पिशवी. त्याने ओठ आवळून गाडी तशीच रेटली.

रस्त्यात मोटरहोमवाले एकमेकांना हात करतात. ओळख लागत नाही, नुसतं समोरून दुसरं मोटरहोम आलं की हात वर जातो. त्या दिवशी मात्र लोक विलक्षण प्रेमळ वाटत होते. एका जोडप्याने चारही हात हलवले. एक म्हातारी खिडकीतून अर्धी बाहेर आली. डेल्बर्टने सगळ्यांना हात केला. एका ट्रकवाल्याने शेजारून जाताना तीनदा मागे बोट दाखवलं, तेव्हा डेल्बर्टने अंगठा वर केला. केबल होतेच तसे बघण्यासारखे.

पंचावन्नाव्या मैलावर निळे-लाल दिवे मागे लागले, आणि ते डायोडचे नव्हते.

हायवे पोलिसातली येपिझ नावाची तरुण अधिकारी खिडकीपाशी आली. "सर, तुमच्या मागच्या गाडीत कुणी आहे का?"

"नाही हो. वायरिंगमध्ये उलटी वीज येते आहे, त्यामुळे वायपर..."

"वायपर लावणारी एक बाई आहे सर. विणकाम करते आहे."

डेल्बर्ट उठला, बेडरूमपाशी गेला आणि त्याने दार हळूच उघडलं. पलंगावर आर्लिसची पर्स होती, पर्सवर आर्लिसचा फोन होता आणि आर्लिस नव्हती.

तो खाली उतरेपर्यंत आर्लिस गाडीजवळ कमरेवर हात ठेवून उभी होती. वाऱ्याने तिचे केस सगळे एका बाजूला गेले होते.

"मी शंभर वेळा हॉर्न वाजवला, डेल!"

"मला वाटलं डायोड."

"डायोड! अरे, मी खिडकीतून ओढणीसारखा स्कार्फ फडकावला, दिवे लावले, वायपर लावले. आणि तू काय केलंस, इंडिकेटर!"

"मी तपासत होतो," डेल्बर्ट हळू आवाजात म्हणाला. "तू उतरली का नाहीस?"

"तूच म्हणालास ना, मी सांगेपर्यंत बस!"

येपिझ खाली वाकून दांडा बघत होती. "ओढलेल्या गाडीत माणूस बसवता येत नाही सर. या वेळी नुसती ताकीद देते आहे." मग तिने केबलला हात लावला. "पण जोडणी मात्र फार छान आहे. लांबी अगदी बरोबर. माझ्या वडिलांना दाखवायला हवी."

डेल्बर्टची छाती तेवढ्यातही थोडी फुगली.

"मॅडम, तुम्हाला पुढे बसावं लागेल."

"सक्ती आहे का?" आर्लिसने विचारलं.

"कायदा आहे."

डेल्बर्टला चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत कायद्याबद्दल एवढं प्रेम कधी वाटलं नव्हतं.

आर्लिस त्या रुंद खुर्चीत बसली. पट्टा लावला, विणकाम मांडीवर घेतलं आणि पाच मैल ती विणत राहिली. डेल्बर्टला एकदा वाटलं, "ते बघ" म्हणावं, पण बाहेर नुसती वाळू होती. मग तिचं लक्ष तिच्या बाजूच्या मोठ्या आरशाकडे गेलं.

"हा एवढा खाली का झुकवलायस? यात रस्ता कुठं दिसतो?"

"तू दिसायचीस," डेल्बर्ट म्हणाला. "मागून येताना. त्यात बरोबर तुझी काच यायची."

आर्लिसच्या सुया थांबल्या. ती आरशात बघत राहिली. आता त्यात रिकामी काच दिसत होती.

"डेल, एक सांगू? मी अधूनमधून थांबायचे. तुला न सांगता. खजुराचा मिल्कशेक प्यायला. पुढे आहे ना ते दुकान. मग जोरात येऊन तुला गाठायचे."

"मला माहीत होतं."

"कसं काय?"

"तू आरशातून नाहीशी झालीस की मी वेग चाळीसवर आणायचो."

"अगं बाई! मला वाटायचं तुझं इंजिन दमतं."

ती हसली. पुढे त्या दुकानाची पाटी आली होती, ती बघून म्हणाली, "खरं सांगायचं तर शेवटचे दोन हॉर्न या दुकानासाठीच होते. वळव."

डेल्बर्टने वळवलं. दुकानाचं अंगण पुढे जाऊन भिंतीपाशी संपत होतं, आणि मागे गाडी जोडलेली असताना मोटरहोम उलटं घेता येत नाही, घेतलं तर दांडा वाकतो. म्हणजे सगळं सोडणं आलं. प्लग, केबल, खिळी, दांडा. इतर कुठल्याही दिवशी डेल्बर्टच्या नाकी नऊ आले असते. आज तो शीळ घालत सोडत होता. आर्लिसने निळी गाडी अंगणातल्या झाडाखाली सावलीला लावली. डेल्बर्टने मोटरहोम मागे-पुढे करत बाहेर काढून रस्त्याच्या कडेला, पूर्वेकडे तोंड करून उभं केलं, केबल नीट गुंडाळून दांड्याला टांगलेल्या पिशवीत घातले, दांडा वर दुमडला.

"आता पुन्हा जोडताना मी कुठं बसू ते नीट सांग बाबा," दोन मोठे पेले घेऊन येत आर्लिस म्हणाली.

"बसू नकोस. बोलत राहा. म्हणजे कुठं आहेस ते मला कळेल."

"जोडणाऱ्याशी बोलायचं नसतं."

"तो नियम रूडीचा. तू बोल."

"मग आधी हे पी, वितळतंय. ये वर, बस." ती आपल्या खुर्चीत चढून बसली. "आणि ऐक, तो पाद्री आहे ना, त्याचा खून कुणी केला असेल?"

"नोकराने?"

"नोकर तिसऱ्याच सीडीत मेला. पहिल्यापासून सांगते."

ती सांगू लागली. मिल्कशेक गार होता, बायको शेजारी होती, इंजिन सुरू झालं. पडद्यावर डेल्बर्टची नजर जाते आहे असं बघून तिने मधेच दटावलं, "तो टीव्ही बंद कर. मी इथं आहे ना, आता मागे काय बघायचंय?" त्याने पडदा बंद केला. आरशात बघायचंही त्याला काही कारण उरलं नव्हतं.

खून कुणी केला ते आर्लिसलाही ठाऊक नव्हतं, कारण शेवटच्या दोन सीड्या ऐकायच्या राहिल्या होत्या. त्यामुळे टुसॉनपर्यंत दोघांनी मिळून गावातल्या एकूण एक माणसावर संशय घेतला. वाटेत डेल्बर्ट सात वेळा "ते बघ" म्हणाला आणि सातही वेळा कुणीतरी बघितलं. समोरचे मोटरहोमवाले आता नेहमीसारखा एकच हात करत होते, तेव्हा मागे सगळं ठीक आहे याचीही त्याला खात्री पटली. गाडी हलकी चालत होती. चढावर तर फारच हलकी. "बघितलंस?" तो म्हणाला. "पेट्रोल वाचतंय."

टुसॉनच्या पुढे, दुकानापासून एकशे सत्तर मैलांवर, ऊन उतरायच्या सुमाराला ते नव्या कॅम्पात शिरले. डेल्बर्ट जागेवर उभा राहिला नाही तोच एक पांढऱ्या मिशांचा गृहस्थ घडीची खुर्ची घेऊन मोटरहोमच्या मागे हजर झाला. खुर्ची उघडून बसला. त्याने दांडा पाहिला, पिशवीतले केबल ओढून पाहिले, प्लग बोटाने फिरवून पाहिला.

"वा!" तो म्हणाला. "केबल दहा हजार पाउंडांचे, गुंडाळीचे. प्लगही पक्का. अशी जोडणी मी दहा वर्षांत बघितली नाही हो."

"एकोणीस दिवस लागले," डेल्बर्ट म्हणाला.

"पण तुम्ही ओढता काय?"

डेल्बर्टने दांड्याकडे बघितलं. दांड्यामागे कॅम्पाचा रस्ता होता, आणि रस्त्यावर एक कुत्रा बसला होता. त्याने खिशात हात घातला. तेवीस कलमांची यादी घडी न मोडता तिथेच होती. पायऱ्यांवर रिकामे पेले घेऊन उभ्या असलेल्या आर्लिसने रस्ता पाहिला, कुत्रा पाहिला आणि मग नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"राहीना का गाडी तिथे," ती म्हणाली. "दुकानवाली बघेल तिच्याकडे. उद्या सकाळी परत जाऊ." मग तिने पेले एकात एक घातले. "एकशे सत्तर मैल आहेत डेल. मी पुढेच बसेन."

"तुला त्रास होणार नसेल तर," डेल्बर्ट म्हणाला.